निम्म्या भरलेल्या बॅटऱ्या

भावजी,

हे तुम्ही वाचणार नाही, मला पक्कं ठाऊक आहे. छापील कागद हातात आला की तुम्ही चष्मा शोधायला उठता. शोधताना कुठल्यातरी दाराचं बिजागर सैल दिसतं, मग कागदही गेला आणि चष्माही गेला. चाळीस वर्षं बघते आहे. पण त्या दुपारबद्दल लोक जे काही सांगत सुटले आहेत, ते ऐकून माझं डोकं उठलं आहे. कुणाच्या लेखी तुम्ही देवमाणूस, कुणाच्या लेखी हेकट म्हातारा. दोन्ही मंडळी तिथे नव्हती. मी होते. म्हणून लिहिते. तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणत लिहायला बसले तर चार ओळींत भांडण निघेल, तेव्हा इथून पुढे ‘भावजी’ हे तिसरंच कुणीतरी माणूस आहे असं समजा. त्यांच्या वहिनीही गोष्टीत येतील. त्यांची मी मुळीच गय करणार नाही.

तर भावजी. कारखान्यात एकतीस वर्षं फिटर. निवृत्त झाल्यावर इतर लोक बागेत बाकावर जाऊन बसतात. हे दुसऱ्याच दिवशी डबा घेऊन थोरल्या भावाच्या गोठ्यावर हजर झाले. गोठ्याला लागून पत्र्याची लांबट शेड होती. तिच्या एका टोकाला चारा आणि चारा बारीक करणारं कुट्टीचं यंत्र, दुसऱ्या टोकाला भावजींचं वर्कशॉप. दिवसभर कुणी ना कुणी यायचं. कुणाचं फाटक खाली घासतंय, कुणाच्या ट्रॉलीची कडी तुटली आहे, कुणाचा पंप नुसताच घुमतोय. सगळ्यांचे ते फिटरकाका. थोरल्या भावाचा मात्र ‘धाकट्या’. हा थोरला म्हणजे दादा, वहिनींचे यजमान. बारा गायी, मोठा आवाज, आणि जगातल्या कुठल्याही दुखण्यावर एकच औषध: वेल्डिंग.

अडचण वायरीची होती. शेताच्या टोकाचं फाटक दुरुस्त करायचं तर साठ मीटर वायर ओढत न्यायची. ती चार ठिकाणी जोडलेली, त्यातली दोन ठिकाणं गायींच्या पायांखाली. एकदा दादा तीत अडकून शेणात तोंडघशी पडले. तेव्हा वहिनींनी फर्मान काढलं, “पुरे! बॅटरीवरची हत्यारं आणा. नाहीतर उद्या मीच ही वायर कात्रीने कापते.”

भावजींनी हत्यारं निवडायला अकरा महिने घेतले.

“अकरा महिन्यांत गाय व्याली असती,” दादा म्हणायचे, “आणि वासरू चरायलासुद्धा गेलं असतं.”

भावजी दुकानात जायचे, ड्रिल उचलायचे, हात सरळ पुढे धरून शंभर आकडे मोजायचे आणि खाली ठेवायचे. मग दुसरं. दुकानदार आधी वैतागला, नंतर स्टूल द्यायला लागला, शेवटी चहाच सांगायला लागला. ज्याला-त्याला भावजी एकच सांगायचे, “हत्यार बघू नका, आधी बॅटरी बघा. लग्न बॅटरीशी लागतं. हत्यारं म्हणजे सासरची माणसं, ती मागाहून एकेक येतात. सगळ्यांचं हिच्याशी जमलं पाहिजे.” आणि मोटारीत कोळशाचे ब्रश घासणारं जुन्या बनावटीचं काही नको, बिनकोळशाची मोटार हवी, आणि पात्याजवळ हात न्यायचा तर आधी बॅटरी काढून खिशात. हा शेवटचा नियम इतका कडक, की दादा ब्लेड बदलताना बॅटरी काढायला विसरले त्या दिवशी भावजी त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.

शेवटी घेतली. ड्रिल, ग्राइंडर, नट खोलणारा इम्पॅक्ट, आणि पुढेमागे चालणाऱ्या सरळ पात्याची एक लांब तोंडाची करवत. तिचं तोंड बघून दादांनी तिचं नाव सुसर ठेवलं. बॅटऱ्या तीन: दोन छोट्या, एक मोठी. चारी हत्यारांना तिन्ही चालणाऱ्या.

सोबतचं माहितीपुस्तक परक्या भाषेत, आणि अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. वहिनींनी कॉलेजात सव्वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं, त्यामुळे ते त्यांच्याकडे आलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी भावजी वही-पेन्सिल घेऊन बसले. वहिनींना कुठेतरी जायचं होतं. त्यांना नेहमीच कुठेतरी जायचं असतं.

“हे सगळं उगाच आहे. पाण्यात बुडवू नका, मुलांना देऊ नका. अमकं करू नका, तमकं करू नका. हं, हे ऐका. बॅटरी ठेवताना निम्मा चार्ज असावा. पूर्ण भरून ठेवल्यास आयुष्य घटतं.”

“म्हणजे भरून ठेवायची नाही?”

“तेच वाचलं ना मी आत्ता? लिथियमचं तसंच असतं. पुढे चला.”

“निम्मी म्हणजे बॅटरीवरच्या चारातले दोन दिवे?”

“दोन दिवे. भावजी, मला उशीर होतोय.”

भावजींनी शेडच्या दारावर आतून खडूने लिहिलं: दोन दिवे. त्या संध्याकाळपासून तीन वर्षं, रोज घरी जाण्याआधी तिन्ही बॅटऱ्यांची बटणं दाबून बघायची. एकच दिवा असेल तर चार्जरवर लावायची, तीन असतील तर तिच्यावर चालणारा कंदील लावून दोनावर आणायची. सकाळी कामाचा अंदाज घेऊन हवी तेवढी भरायची. दादा चेष्टा करायचे, “पाहुणे येणार म्हणून हा भाकरी अर्धीच भाजून ठेवणारा माणूस आहे.” भावजी म्हणायचे, “वहिनींनी वाचलंय.” त्यांच्या दृष्टीने तिथे विषय संपायचा.

त्या दिवशी सकाळीच वीज गेली होती. रस्त्याकडेचा खांब पडला होता आणि दुरुस्तीवाले संध्याकाळी येणार होते. भावजींना त्याचं काही वाटलं नाही; काम पान्यांचं होतं, बॅटरीचं नव्हतं. दादांनी कुट्टीचं यंत्र डिझेल इंजिनावर लावलं. ऊन असं, की पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. अडीचच्या सुमारास वहिनी घरून जेवणाचा डबा घेऊन गाडीने आल्या, आणि त्या गाडीचं दार लावत असतानाच इंजिनाचा आवाज बदलला.

भावजींनी तो आवाज आधी ओळखला. यंत्रात काहीतरी चाऱ्याहून जाड गेलं होतं. ते शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचले तेव्हा दादा यंत्राला मिठी मारल्यासारखे उभे होते आणि ओरडत नव्हते. भावजींनी इंजिन बंद केलं.

सदऱ्याची बाही आधी गेली होती, मागोमाग हात. चारा आत ओढणारे दोन दातेरी रोलर एकावर एक असतात. त्यांच्या मध्ये दादांचा उजवा हात मनगटापर्यंत होता. रोलरच्या पलीकडे, बोटांच्या टोकांना लागूनच, पाती.

“अहो!” वहिनी म्हणाल्या. 

“वहिनी, फोन करा. ॲम्ब्युलन्स आणि आगीचा बंब, दोन्ही. यंत्रात हात अडकलाय म्हणून सांगा.” बोलता बोलता भावजींनी पात्यांचं जड चाक साखळीने खांबाला बांधून टाकलं. ते टीचभर फिरलं असतं तरी बोटं गेली असती. मग रोलर उलटे फिरवायचा दांडा ओढला. दांडा आला, रोलर हलले नाहीत. गिअरच्या दात्यांत लाकडाचा गाठीचा तुकडा पाचरीसारखा बसला होता. जोर करावा तर रोलर उलटे न फिरता सुलटे फिरायची भीती. भावजींनी दांडा सोडला.

“पाऊण तास म्हणतायत,” वहिनी फोन हातात धरून म्हणाल्या. “पाऊण तास, भावजी!”

वरचा रोलर काढायचा, एवढाच मार्ग उरला. त्याची चौकट चार बोल्टांवर बसलेली. भावजींनी इम्पॅक्टला छोटी बॅटरी लावली. पहिला बोल्ट खडखडला आणि सुटला. दुसराही सुटला. तिसऱ्यावर यंत्र नुसतं ठोके देत राहिलं. भावजींनी वाकून बोटाने वरची काजळी पुसली.

“दादा, हे कुणी केलं?”

“काय?”

“नटाला वेल्डिंग.”

दादांचा चेहरा घामाने निथळत होता. “मी. सारखे सैल व्हायचे रे. तू नव्हतास तेव्हा.”

“मी रोज इथेच असतो!”

“तू जेवायला बसला होतास.”

“चौथ्यालाही?”

“आता एकाला केलं तर दुसऱ्याला काय तसंच सोडायचं?”

एरवी वहिनी यावर पाच मिनिटं बोलल्या असत्या. आज म्हणाल्या, “ग्राइंडर घ्या ना भावजी! अर्ध्या मिनिटाचं काम आहे.”

ग्राइंडर समोरच होता. भावजींनी त्याच्याकडे बघितलं, मग खाली बघितलं. घोट्यापर्यंत वाळलेल्या चाऱ्याचा भुसा, त्यात इंजिनातून ठिबकलेलं डिझेल; एक ठिणगी पुरली असती. आणि चकती बोल्टात अडकली की उसळते. उसळली तर जाईल कुठे? बोल्टापासून मनगट तीन बोटांवर होतं.

“नाही. सुसर.”

“तिला किती वेळ लागेल?”

“बॅटरी पुरेल तेवढा.”

वहिनींनी फळीवरची दुसरी छोटी बॅटरी उचलली, बटण दाबलं. दोन दिवे. मोठी उचलली. दोन दिवे. इम्पॅक्टमधून काढलेल्या बॅटरीवर एकच दिवा आणि तोही लुकलुकणारा.

“ह्या भरलेल्या का नाहीत?”

“निम्म्या आहेत,” भावजी म्हणाले, आणि सुसरीला लोखंडाचं पातं चढवू लागले. पातं चढेपर्यंत बॅटरी त्यांच्या खिशात होती. तेवढ्या घाईतही खिशातच.

वहिनींनी मोठ्या बॅटरीचं बटण पुन्हा दाबून बघितलं. का, ते त्या क्षणी त्यांना कळलं नाही.

लोखंड कापताना सुसर सावकाश चालवावी लागते. जोरात चालवली की पातं लाल होऊन मऊ पडतं. भावजी वर्कशॉपला येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायचे. आता ते स्वतःलाच सांगत होते. चौकट आणि नट यांच्या फटीत पातं घातलं. वहिनी तेलाच्या बुधलीने थेंब थेंब सोडत होत्या. दादांनी डोळे मिटून कपाळ यंत्राच्या पत्र्याला टेकवलं होतं. पात्याच्या प्रत्येक हिसक्यासरशी त्यांचा खांदा हलत होता.

“लागतंय का?”

“लागत नाहीये, तीच तर भीती वाटते. बोटं आहेत का रे अजून?”

“आहेत.”

“बघून सांगतोयस की मनाने?”

“मनाने. गप्प उभा राहा.”

दोन दिव्यांची छोटी बॅटरी तिसरा बोल्ट पाऊण कापून संपली. इम्पॅक्टमधल्या लुकलुकत्या बॅटरीने तो तोडला आणि चौथ्या बोल्टात जरासं शिरून तीही संपली. भावजींनी मोठी लावली. ती जड, ताकदीची. आवाज लगेच भारी झाला. वहिनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या. रोलरच्या फटीतून दादांच्या हाताचा जेवढा भाग दिसत होता तो आता जांभळा नव्हता, पांढरा पडत चालला होता.

बोल्ट अर्धा कापला गेला आणि सुसर थांबली. बॅटरीचे चारी दिवे एकदम उघडझाप करू लागले.

“संपली?” वहिनी.

“तापली. आत जीव आहे, पण गार होईपर्यंत देणार नाही.”

“पाणी ओतू?”

“पाणी नको!” भावजी पहिल्यांदाच ओरडले. “वहिनी, गाडी. गाडीतला एसी.”

वहिनी बॅटरी घेऊन धावल्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या धावल्या नव्हत्या. भावजींनी हॅक्सॉचं नुसतं पातं चिंधीत गुंडाळून हातात घेतलं आणि त्याच फटीत घासायला लागले. कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी मशीन थांबलेलं बघितलं होतं. थांबलं की काय करायचं ते त्यांना ठाऊक असायचं. आता दहा वेळा घासलं की केसभर लोखंड जात होतं. मान वळवली की गाडीची काच दिसत होती. आत वहिनी दोन्ही हातांनी बॅटरी गार हवेच्या झडपेवर धरून बसल्या होत्या. मध्येच ती गालाला लावून बघत होत्या, पुन्हा झडपेवर धरत होत्या.

“धाकट्या,” दादा हळू आवाजात म्हणाले. आवाज हळू करणं हा त्यांचा स्वभाव नव्हे. “ती आत आहे तोवर सांगतो. नाहीच सुटलं, तर त्या सुसरीने कोपराखालून काप. मी सांगितलं म्हणून सांग तिला.”

“सुसरीला बॅटरी नाहीये,” भावजी म्हणाले.

दादा हसले. हसता हसता ते खाली घसरू लागले. भावजींनी पातं टाकून त्यांना कमरेत धरलं, पायाने ओंडका सरकवला आणि त्यावर टेकवलं. हात ओढला गेला नाही, एवढं नशीब.

सहा मिनिटांनी वहिनी आल्या. बॅटरी गालाला थंड लागत होती. एक दिवा. भावजींनी ती बसवली, वहिनींनी तेल सोडलं, पातं शिरलं. आवाज आधी भरला, मग बसत गेला. भावजी घोडा सोडत आणि पुन्हा दाबत होते. मेलेल्या बैलाला उठवावं तशी त्यांनी त्या बॅटरीतून शेवटची धाप काढली. मग घोडा दाबला तरी काहीच झालं नाही.

“किती राहिलं?”

“पेन्सिलीच्या शिशाएवढं. पहार द्या.”

पहारीचं टोक चौकटीखाली घातलं. दुसऱ्या टोकावर पासष्टीचे भावजी आणि त्यांच्याहून चार वर्षांनी मोठ्या वहिनी दोघं लटकली. बोल्ट बंदुकीसारखा वाजला आणि चौकट वर उडाली. दादांनी हात बाहेर काढला नाही. तो बाहेर पडला.

ॲम्ब्युलन्स आठ मिनिटांनी आली.

हात राहिला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. चिरडण्याने गेलं नाही, रक्त न पोचल्याने गेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, स्पष्ट बोलणाऱ्या. “तुम्ही जे केलंत ते फार थोड्यांना जमलं असतं,” त्या भावजींना म्हणाल्या. “दहा-पंधरा मिनिटं आधी सुटला असता तर बोटंही वाचली असती कदाचित. पण हे मनाला लावून घेऊ नका.”

लावून घेऊ नका म्हटलं की माणूस काय करतो? भावजींनी शेडच्या दारावर खडूने हिशेब मांडला. बॅटऱ्या बदलण्यात गेलेला वेळ. बॅटरी संपेल म्हणून जपून, हात आखडून कापलं तो वेळ. मोठीवर सुरुवातच केली असती, ती भरलेली असती, तर छोट्यांना हात लावावा लागला नसता आणि ती तापेपर्यंत काम उरकलं असतं. त्यांनी बेरीज तीनदा केली आणि ओल्या फडक्याने पुसली. त्याबरोबर ‘दोन दिवे’ही पुसलं गेलं.

पुढच्या आठवड्यात ते माहितीपुस्तक घेऊन दुकानदाराकडे गेले. दुकानदाराने स्टूल दिलं, भिंग काढलं आणि ते पान वाचलं: जर एक महिना किंवा त्याहून अधिक काळ वापर होणार नसेल, तर बॅटरी निम्म्या चार्जवर ठेवावी. रोजच्या वापरातल्या बॅटऱ्या भरून तयार ठेवाव्यात.

“पहिली ओळ परत वाचा.”

त्याने परत वाचली.

“हे पुस्तक नवं असेल,” भावजी म्हणाले. “जुन्यात ही ओळ नसणार.”

“काका, हे तुमच्याच खोक्यातलं. मागे तुमच्या हातची तारीख आहे.”

“असं होय.” भावजींनी पुस्तक घडी करून खिशात घातलं. “हे कुणाला सांगत बसू नका. मीच नीट ऐकलं नव्हतं.”

दुकानदाराच्या पोटात काही राहत नाही. वहिनी सुसरीची पाती आणायला गेल्या तेव्हा त्याने ते त्यांना सांगितलं, हसत, ‘काकांची गंमत’ म्हणून. वहिनी पाती न घेताच बाहेर आल्या. सव्वीस वर्षं त्यांनी मुलामुलींना बजावलं होतं, प्रश्न पूर्ण वाचा, ‘जर’पासून वाचा. आणि कुठेसं जायची घाई होती म्हणून स्वतः ‘जर’ गाळून पुढे गेल्या होत्या. कुठे जायचं होतं ते त्यांना आठवतसुद्धा नाही.

घरी दादा डाव्या हाताने शिकत होते: बटण लावायला, दूध काढायला, सही करायला. आल्यागेल्याला सांगायचे, “भावाने हात वाचवला, आणि त्याच्या त्या निम्म्याच्या खुळाने दोन बोटं खाल्ली. हिशेब फिटला.” आणि भावजी तिथे बसून म्हणायचे, “हो रे बाबा. माझीच खोड.” वहिनी चहा ओतत असायच्या. एकदाही त्यांनी भांडं खाली ठेवलं नाही.

आता पुन्हा ‘तुम्ही’, भावजी. आता भांडण झालं तरी चालेल.

तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्हाला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होतं. तरी आपण दोघं दीड वर्षं पंपाबद्दल आणि गायींच्या खुरांबद्दल बोलत राहिलो. हे छापून आलं की तुमचे दादा वाचतील. ते चष्मा शोधायला जात नाहीत. त्यांना काय बोलायचं ते मला बोलू देत. तुम्ही मध्ये पडायचं नाही.

ती मोठी बॅटरी त्या दिवसानंतर चार्ज झालीच नाही. तुम्ही ती वाळूच्या डब्यात घालून माझ्या मागच्या दाराशी आणून ठेवलीत. अशी कचऱ्यात टाकायची नसते, पेट घेते, शहरात जुन्या बॅटऱ्या घेणारं केंद्र आहे, गुरुवारी सकाळी उघडं असतं, हे सगळं तुम्हीच मला शिकवलंत; मला, रसायनशास्त्रवालीला. ठरलं असं, की मी गाडी चालवायची आणि तुम्ही मांडीवर डबा धरून बसायचं. जायला चाळीस मिनिटं, यायला चाळीस. एका गुरुवारी तुमची पाठ धरली. एका गुरुवारी माझं दाताचं निघालं. मग गाय व्याली, मग पाहुणे आले, मग तुम्ही म्हणालात की आभाळ भरून आलंय, आणि मी बाहेर न बघताच हो म्हटलं. सोमवारी तुम्ही आलात, डब्याचं झाकण उघडून वाळू कोरडी आहे ना ते बघितलंत, झाकण लावलंत. “या गुरुवारी?” मी विचारलं. “बघू,” तुम्ही म्हणालात.

काल गुरुवार होता.